पुकाऱ्यातलं पहिलं नाव

आमच्या धोंडवाडीत ज्योतीरामाएवढा गरीब माणूस दुसरा नव्हता आणि त्याच्याएवढा पैसेवालाही दुसरा नव्हता. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसायची, दुसरी सगळ्यांना ठाऊक होती. फरक इतकाच, की पहिलीबद्दल पारावर मोठ्यानं बोलायचं आणि दुसरीबद्दल पाणवठ्यावर हळू.

बघा ना, कंपनीच्या गेटवर हा वॉचमन. अंगात कंपनीची खाकी, कोपरावर ठिगळ. सायकलच्या सीटला सुतळी गुंडाळलेली. डब्यात भाकरी आणि ठेचा. सोबत कांदा असला तर त्या दिवशी सण. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचा आणि जिलबी दुसऱ्यांदा वाढायला आले की पानावर हात आडवा धरायचा. त्याची बायको शालनबाई. तिच्या अंगावर काळे मणी सोडले तर काही नाही. नदीवर धुणं बडवताना शेजारची छबूबाई तिला डिवचायची.

"शालनबाई, अवं नुसतं मणीच? येखादं डोरलं तरी करा की."

"अंगावर सोनं घातलं की चोर माग काढतो, बया."

"आन् घरात ठिवलं की?"

शालनबाई लुगडं जरा जास्तच जोरात आपटायची. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावायच्या.

सगळं सुरू झालं ते बासष्ट साली सरकारी माणसं शेतात लाल फडक्याच्या खुंट्या ठोकून गेली तेव्हापासून. कारखाने यायचे होते. ज्योतीरामाचा बाप भीमराज म्हणजे बैलगाड्यातला दर्दी माणूस. तळवड्यापासून राजगुरुनगरापर्यंत कुठल्याही जत्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा सुटायच्या आधी कर्ण्यातून 'भीमराज धोंडवाडीकर' असा पुकारा झाला की माणसं झाडावर चढायची. जमीन गेली, जमिनीबरोबर कडबा गेला. भीमराजानं चारी बैल चाकणच्या बाजारात नेऊन विकले आणि मोकळी दावी खांद्यावर टाकून तो पायी घरी आला. त्यानंतर त्यानं घाटाचं तोंड पाहिलं नाही. पण चैत्रात वारं फिरलं की नदीपलीकडच्या जत्रेतला कर्णा ओट्यापर्यंत ऐकू यायचा.

"कुणाचा पुकारा रं?" म्हातारा विचारायचा.

ज्योतीराम तोंडाला येईल ते नाव सांगायचा. म्हातारा मान हलवायचा, "आपलं न्हाई व्हय," म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. जाताना पोराचा हात धरून त्यानं एवढंच मागितलं, "घाटात आपलं नाव पुन्यांदा निघालं पायजे." ज्योतीरामानं हो म्हटलं. मरणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. पण हा खरंच ते धरून बसला. पुढं जे काही झालं ते ह्या एका होकाराचं.

जमिनीचे पैसे वाडीतल्या सगळ्यांनाच मिळाले होते. कुणी फटफटी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ओढ्यात घातली. कुणी पोराच्या लग्नात दोन बँड लावले. दोन्ही एकाच वेळी वेगळी गाणी वाजवत होते. एकानं माडी बांधली आणि दारावर सिमेंटचे दोन हत्ती बसवले, ते अजून आहेत, सोंडा गेल्या. ज्योतीरामानं मात्र काहीच केलं नाही. माणसं म्हणाली, कंजूष. पैसा कुठं गेला हे कुणी विचारलं नाही, कारण ज्याचा त्याचा स्वतःचाच कुठं गेला हे कळायची मारामार होती.

पैसा गेला होता जयसिंगाकडं. हा पिंपरीचा पोरगा. तेव्हा दारूबंदी होती. हातभट्टीची दारू लॉरीच्या ट्यूबमध्ये भरून, ट्यूब अंगाभोवती गुंडाळून, वर सदरा घालून तो सायकलवरून फिरायचा. बारीक अंगाचा माणूस अचानक ढेरपोट्या दिसायला लागला की समजावं, माल आला. एका सकाळी पोलीस मागं लागले म्हणून तो कंपनीच्या गेटात घुसला. ज्योतीरामानं त्याला चौकीत बसवलं, पोलिसांना उलटा रस्ता दाखवला आणि मग चहाचा कप पुढं करत विचारलं, "तुझ्या मागं कोन हाय?"

"मागं पोलीस हायती, आण्णा. आनखी कोन असनार?"

"भांडवलाचं विचारतोय मी."

जयसिंग हसायचा थांबला. धाडस त्याच्याकडं पोत्यानं होतं, पैसा चिमटीत मावेल एवढाच.

"मी घालतो पैसे," ज्योतीराम म्हणाला. "पन माझं नाव कुठं यायचं न्हाई. रस्त्यात दिसलो तर वळख द्यायची न्हाई. माझ्या दारात पाय टाकायचा न्हाई. तू धनी, मी कोनीच न्हाई."

जयसिंगानं हे वचन अक्षरशः पाळलं. पुढं त्याची मोटार आली, तिनं चिखल उडवला तर ज्योतीराम सायकल थांबवून तोंड पुसायचा आणि पुढं जायचा. एकदा जयसिंगाच्या माणसानं सायकल बाजूला घेत नाही म्हणून भर चौकात त्याच्या कानफटात दिली. जयसिंग मोटारीत बसून बघत होता, काच वर करून घेतली. त्या महिन्यात ज्योतीरामाकडं पेंडीचं एक पोतं जास्त आलं.

पेंडीचं सांगायलाच हवं. ज्योतीरामाचा वाटा तेलाच्या घाण्यावरून शेंगपेंडीच्या पोत्यात घालून यायचा. दारात एक म्हैस, पण पेंड येते चार म्हशींची, हे आमच्या आळीला दिसत होतं. आणि त्याच्याकडची नोट वाण्यानं हातात घेतली की वाणी ती नाकाला लावायचा.

"ज्योतीराम, म्हशीचा पगार झाला वाटतं?"

ज्योतीराम गरिबासारखा हसायचा. ते हसू त्याला फार छान जमायचं.

धंदा वाढला. दारूबंदी सैल झाली, परवान्याची दुकानं निघाली, तसा जयसिंग हातभट्टीवरून गांजावर गेला, गांजावरून चरसवर. पुढं चाकणच्या रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झोपेच्या पांढऱ्या गोळ्या पडायला लागल्या. लॉरीत कंपन्यांचे सुटे भाग आणि सुट्या भागांच्या खोक्यांत गोळ्या. मुंबईचे सफारीवाले यायचे, जयसिंगाला 'शेठ' म्हणायचे. जयसिंग म्हटलं की पिंपरीतली माणसं रस्ता बदलायची. आणि कुठलीही नवी गोष्ट करायची तर शेठ म्हणायचा, "बघतो, विचारून सांगतो." कुणाला विचारून, ते त्याच्या माणसांनाही माहीत नव्हतं.

ज्योतीरामानं आयुष्यात एक गोळी पाहिली नाही. मनाशी त्याचं ठरलेलं उत्तर होतं: मी काय करतो? पैसे देतो. बँकसुद्धा देते. छबूबाईचा नवरा एका खराब भट्टीची दारू पिऊन आंधळा झाला, तेव्हा मात्र त्याला चार रात्री झोप लागली नाही म्हणे. पाचव्या दिवशी त्यानं तिच्या घरी ज्वारीचं पोतं टाकलं. दर सुगीला टाकत राहिला. छबूबाई शालनबाईला टोमणे मारायची, पण ज्योतीरामासमोर पदर पसरायची. "देवमानूस हायसा, भावजी," म्हणायची. देवमाणूस मान खाली घालायचा आणि आम्ही म्हणायचो, काय विनय!

एवढा पैसा आणि तो खायचा नाही, ल्यायचा नाही, दाखवायचा नाही. वॉचमननं माडी बांधली तर फौजदार येईल. वॉचमनच्या बायकोनं पाटल्या केल्या तर फौजदाराची बायको येईल. पैशाच्या राशीवर बसून ठेचा खाणारा माणूस कसा होत जातो, ते आम्ही बघत होतो. तिखट लागायचंही बंद झालं होतं त्याला.

दाखवता येईल अशी एकच गोष्ट होती, बैल. शेतकऱ्याच्या पोरानं बैल पाळला तर कोण संशय घेणार? चाकणच्या बाजारात एक मरतुकडा खोंड कुणी विकत घेईना, तो त्यानं मातीमोलानं आणला. नाव पाखऱ्या. मग काय! पाखऱ्याला दूध, पाखऱ्याला अंडी, पाखऱ्याला तूप. शालनबाई तुपाचं भांडं आपटून म्हणायची, "मानसानं ठेचा खायाचा आन् बैलानं तूप. पुढच्या जन्मी मला ह्येंच्या दावनीलाच घाल रं देवा."

पाखऱ्या असा निघाला की बघत राहावं. पण गाड्याला चार बैल लागतात. मागं जुवाखाली दोन, पुढं दोन, आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. ज्याच्याकडं चार नसतात तो दुसऱ्याच्या बैलांबरोबर आपला जुपतो आणि मग पुकाऱ्यात सगळ्यांची नावं निघतात. त्यात पहिलं नाव ज्याचं, गाडा त्याचा. मागची नावं जोडीला. ह्या पहिल्या नावावरून आमच्याकडं सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. पहिलं नाव द्यायचं म्हणजे समोरच्याला आपला धनी मानायचं. एवढं सोपं आहे ते.

ज्योतीरामानं दोन जत्रा वाडीतल्यांच्याच बैलांबरोबर पाखऱ्याला जुपून पाहिला. पाखऱ्या पुढं ओढायचा, बाकीचे मागं लोंबायचे, गाडा तिरका. माणसं हसायची. त्याच्या चालीला मिळतील असे बैल सगळ्या टापूत एकाच दावणीला होते. जयसिंगाच्या.

"पळवायचा तर पळवा," शालनबाई म्हणाली. "पन नाव दुसऱ्या कुनाचं तरी सांगा. आजवर सांगितलंच की."

"आबानं माझा हात धरला व्हता."

"आबा गेले. फौजदार जिता हाय."

तो पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

इंद्रायणीत बैल धुताना भर दुपारी ज्योतीराम आणि जयसिंग भेटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर. जयसिंगाची पांढरी मोटार वर झाडाखाली उभी. तो पाण्यात बूट घालूनच उतरला.

"आण्णा, डोकं फिरलं का तुजं? मला वळख देऊ नको म्हननारा तू!"

"मी बैल जुपायचं म्हंतोय. धंदा न्हाई जुपत. बैल कुनाचाबी कुनाबरबर जुपतात."

"लोकं काय म्हंतील?"

"लोकं गाडा बघत्यात. मालक कोन बघतंय?"

खरं तर मालकालाच बघतात. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? जयसिंगानं पाखऱ्याकडं पाहिलं. त्याच्या खांद्याकडं, खुरांकडं. मग वाकून बैलाच्या पोटरीला हात लावला आणि शेठचा चेहरा बदलला. मुंबईच्या सफारीवाल्यांना बोटावर नाचवणारा माणूस, पण तोही ह्याच मातीतला. बैलाच्या बाबतीत दोघंही सारखेच खुळे.

"पळंल?" त्यानं विचारलं.

"पळंल."

चैत्रातली जत्रा. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती. मांडवात कर्ण्यासमोर ज्ञानदेव. हा एरवी कंपनीत फिटर, पण जत्रेत त्याच्या आवाजाला पाटलाचा मान. शेजारी खुर्चीवर बंदोबस्ताचे नवे फौजदार. विदर्भाकडचे, गाडे आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि सोडा पीत होते.

जयसिंगाचा माणूस आला. "ज्ञानदेव, लिवा. जयसिंगशेठ पिंपरीकर, जोडीला ज्योतीराम धोंडवाडीकर."

"थांब," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ज्योतीराम. खाकीच होती अंगात, पण डोक्याला बापाचा जुना फेटा.

"पयलं नाव भीमराजांचं. कैलासवासी भीमराज धोंडवाडीकर यांचे चिरंजीव ज्योतीराम. मागून जयसिंग."

मांडवात आधी हसू फुटलं. वॉचमन जयसिंगशेठच्या पुढं! कुणीतरी ओरडलं, "ज्योतीबा, आज ठेच्यात काय घातलं व्हतं?" जयसिंगाच्या माणसानं त्याची कॉलर धरली. "ए भिकारड्या, शेठ हायती त्ये. मागं हो."

ज्योतीराम मागं झाला नाही. कॉलर धरलेल्या माणसाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो जयसिंगाकडं पाहत होता, आणि ते पाहणं गेटवरल्या वॉचमनचं नव्हतं. ही नजर वाडीत कुणी कधी बघितली नव्हती. जयसिंगानं बघितली होती.

हसू विझलं. आता जयसिंग ह्याला फोडून काढणार, म्हणून पुढची पोरं मागं सरकली. जयसिंगानं ओठ चावला. आणि इतक्या वर्षांची सवय, कुठलीही नवी गोष्ट आली की जे तोंडातून निघायचं तेच निघालं.

"आण्णा म्हंतो तसं लिवा."

पिंपरी ज्याला घाबरते त्यानं भर घाटात कंपनीच्या वॉचमनला पहिलं नाव दिलं. आमच्यातल्या प्रत्येकानं शेजाऱ्याकडं न बघण्याचा प्रयत्न केला. पेंडीचा वास जणू सगळ्यांना एकदम आला. बायांच्या बाजूला छबूबाई उभी होती. ती पुढच्या पुकाऱ्याकडं कान लावून होती की काय कोण जाणे, पण तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

फौजदारांनी सोड्याची बाटली खाली ठेवली.

"काय हो," त्यांनी ज्ञानदेवाला विचारलं, "पहिलं नाव म्हणजे विशेष काय असते?"

ज्ञानदेवाला कर्ण्याबद्दल आणि घाटाबद्दल कुणी विचारलं की तो फुलून यायचा. "साहेब, पयलं नाव म्हंजे मालकी. गाड्याचा धनी त्यो. बाकीचे त्याच्या हाताखालचे समजा."

"असं? म्हणजे हा जयसिंग त्याच्या हाताखालचा?"

"आजच्या बारीपुरता तरी तसंच म्हनायचं की!" ज्ञानदेव हसला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं घाईघाईनं कर्णा हातात घेतला.

पुकारा झाला. कैलासवासी भीमराज! कर्ण्याचा आवाज घाटावरून नदीपर्यंत गेला. मोकळ्या माळावर उभ्या कारखान्यांच्या पत्र्यांवर आपटून परत आला. गाडा सुटला. घोडी पुढं, धुळीचा लोट, पाखऱ्याची मान खाली आणि चार बैलांच्या सोळा पायांचा एकच ठोका. निशाण पडलं तेव्हा लोकांना कळलंच नाही की बारी संपली. मग भंडाऱ्याचा ढग उडाला, पिवळा. वाडीच्या पोरांनी ज्योतीरामाला खांद्यावर घेतलं. घाटाचा राजा! ज्ञानदेव ओरडत होता, नाव पुन्हा पुन्हा घेत होता. ज्योतीरामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भंडारा गालाला चिकटला होता. उभ्या जन्मात कुणी त्याला नावानं मोठ्यांदा हाक मारली नव्हती. आज सगळा घाट मारत होता.

शालनबाईनं बारी पाहिलीच नाही. ती फौजदारांकडं पाहत होती. खांद्यावरून उतरवल्यावर तो तिच्यासमोर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

"आबांना ऐकू ग्येलं असंल," तो म्हणाला.

"समद्यास्नी ग्येलं."

फौजदारांनी घाई केली नाही. आधी ते एकदा ज्योतीरामाच्या घरी पाणी प्यायला आले. म्हैस पाहिली, पेंडीची पोती पाहिली, पाखऱ्याला तूप चाटवत असलेल्या शालनबाईचे काळे मणी पाहिले. मग चाकणच्या रस्त्यावर एक लॉरी अडवली, पत्र्याच्या शेडचं दार फोडलं आणि जयसिंगाला उचललं.

जयसिंगानं वकील केला मुंबईचा. वकिलानं त्याला एकच प्रश्न विचारला म्हणे, की तुझ्यापेक्षा मोठा कुणी आहे का? जयसिंगाला आयतंच उत्तर सापडलं. साहेब, मी चाकर. धनी तो. मी त्याच्या शब्दाबाहेर नाही, सगळ्या घाटाला विचारा.

आणि घाटाला विचारलं गेलं. ज्ञानदेवाला साक्षीला बोलावलं. बिचारा टोपी हातात धरून उभा राहिला. पुकाऱ्यात पहिलं नाव कुणाचं? ज्योतीरामाचं. पहिलं नाव म्हणजे काय? ज्ञानदेव खाली बघत राहिला. मांडवात तुम्ही साहेबांना काय सांगितलं होतं? मालकी, असं सांगितलं होतं. दुसरं काही म्हणता आलं असतं, पण पुकाऱ्यात खोटं बोललास तर जीभ झडेल असं त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. ज्योतीरामाकडं बघून तो म्हणाला, "माफ कर, भावा. तूच म्हनला व्हतास, पयलं लाव."

जयसिंग थोडक्यात सुटला. ज्योतीराम येरवड्याला गेला. पेंडीतून निघालेल्या पैशाचं सरकारनं काय केलं ते सरकारला माहीत. शालनबाईच्या वाट्याला म्हैस आली. छबूबाई एका सकाळी डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन आली, अर्धं भरलेलं, ओट्यावर टाकलं. "खाल्लेलं परत देता येत न्हाई," म्हणाली. तिच्या मागं तिचा नवरा काठी टेकत आला होता, त्याला वाटलं सुगीची ज्वारी आली, तो हात जोडून म्हणाला, "देवमानूस हाय वो तुमचा." छबूबाईनं त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

मग जयसिंगाची दोन माणसं येऊन पाखऱ्याचं दावं सोडायला लागली. जोडीचा बैल आहे, शेठ म्हणाले, उगाच उपाशी कशाला ठेवायचा? शालनबाईनं अडवलं नाही. आत गेली, तुपाचं भांडं आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

चैत्र आला, गेला. जत्रेनंतर शालनबाई येरवड्याला भेटीला गेली. जाळीपलीकडं ज्योतीराम. वाळलेला, दाढी वाढलेली. तिनं म्हशीचं सांगितलं, गळक्या कौलांचं सांगितलं, छबूबाई आता बोलत नाही हे सांगितलं.

"पाखऱ्या पळाला?" त्यानं विचारलं.

"पळाला. पयला आला."

त्याचे डोळे चमकले. जाळीला तोंड लावून त्यानं हळूच विचारलं, "पुकारा कुनाचा झाला?"

"जयसिंगशेठ पिंपरीकर."

"आन् मागून? आबांचं? माझं?"

शालनबाईनं पदर सावरला. इतक्या वर्षांत नवऱ्याचे शब्द तिनं कधी त्यालाच परत केले नव्हते.

"तुमचं नाव कुठं यायचं न्हाई," ती म्हणाली, "असं तुमीच म्हनायचा न्हवं?"